डोंगर पेटायच्या आधी: वणव्याबद्दल तुमचे प्रश्न

संक्रांत जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. बिबट्या, साप, गव्यांनी केलेलं नुकसान मागे पडतं आणि वणवा पुढे येतो. मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, आणि बहुतेक नोकरी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरात झाली. त्यामुळे माझी उत्तरं त्या डोंगरांच्या अंगाने येतात. विदर्भ-कोकणातल्या वाचकांनी आपल्या रानाशी ताडून घ्यावीत. पत्रं लांब होती, ती इथे थोडक्यात दिली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण काही पत्रांत गावातल्या भांडणांचा उल्लेख आहे.

आम्ही पाटण तालुक्यातल्या एका वाडीतली मुलं. वणवा दिसला की फांद्या तोडून धावतो. गेल्या मार्चमध्ये एकाचे पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. तेव्हापासून घरचे जाऊ देत नाहीत. आमचं चुकतं कुठे? रीतसर पथक उभं करायचं तर काय लागतं?

पोरांनो, आधी तुमच्या मित्राची जखम पुरती भरली का ते कळवा. चालताना पोटरीला ओढ बसत असेल तर त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या. भाजल्यावर आखडलेली कातडी आपोआप सैल होत नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे: ‘आग वर चढत होती म्हणून आम्ही वळसा घालून वर गेलो आणि तिला अडवायला उभे राहिलो.’ चुकलं ते तिथेच. आग चढाला धावते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे कललेली असते आणि ते गवत पेटायच्या आधीच तिच्या धगीने कोरडंठाक झालेलं असतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुपटीने वाढतो, आणि आपल्याकडे वीस-तीस अंशांचे उतार पावलोपावली आहेत. सपाट माळावर जी आग तुम्ही चालत मागे टाकाल, ती धारेखालच्या चढावर तरण्याताठ्या पोरालाही गाठते. आगीच्या वर कधीही उभं राहायचं नाही. पथकाचा पहिला नियम हाच ठेवा.

आगीला तोंड असतं, दोन कुशी असतात आणि शेपूट असतं. काम शेपटाकडून सुरू करायचं, म्हणजे जिथून आग निघाली तिथून. पाय जळून काळ्या झालेल्या जमिनीवर ठेवायचे आणि कुशीकुशीने पुढे सरकायचं. ती जमीन तापलेली असते, पण तिथे जळण्यासारखं काही उरलेलं नसतं. वारा फिरला, काही बिनसलं, तर जीव वाचवायला जायची जागाही तीच. दोन टोळ्यांनी दोन्ही कुशी आवळत नेल्या की तोंड अरुंद होत जातं. धारेवर, मळलेल्या वाटेवर किंवा कातळावर पोचून ते मंदावलं की मग तिथे गाठायचं.

आता फांदीबद्दल. जांभूळ, करंज, निर्गुडी, जे हाताशी असेल ते घ्या, पण पानं दाट आणि ओली हवीत. बहुतेक जण फांदी डोक्यावर नेऊन आपटतात. त्याने ठिणग्या उडतात आणि पाठीमागे नवी आग लागते. फांदी गुडघ्याच्या वर न्यायचीच नाही. ज्वाळेच्या बुडाशी दाबायची, क्षणभर तशीच धरायची, म्हणजे हवा तुटते, आणि मग काळ्या बाजूकडे ओढून घ्यायची. दोघे फांदी चालवतात, तिसरा मागून खुरप्याने निखारे उकरून मातीत चेपत येतो. धाप लागायच्या आधीच पुढच्याने मागे यावं आणि मागच्याने पुढे जावं. दमलेला माणूस धुरात सरळ उभा राहतो. वाकलेला राहिला तर त्याला खालची बरी हवा तरी मिळते.

मित्राने नायलॉनची ट्रॅकपँट घातली होती असं तुम्ही लिहिलंय. नायलॉन जळत जळत वितळतं आणि कातडीला चिकटतं. जुनी जीन्स, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कातडी बूट, डोक्याला सुती टॉवेल एवढं असल्याशिवाय कोणी डोंगराकडे पाऊल टाकायचं नाही. स्लीपरवर तर नाहीच नाही. तरीही कोणी भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा, स्वच्छ कापडाने झाका आणि १०८ ला फोन करा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

पथकात एक जण असा हवा, जो आग विझवत नाही. त्याने समोरच्या टेपाडावर उभं राहून आग, वारा आणि माणसं यांवर नजर ठेवायची. गळ्यात शिट्टी, खिशात चार्ज केलेला मोबाईल. तीन शिट्ट्या झाल्या की हातातलं टाकून सगळ्यांनी काळ्या जमिनीवर यायचं आणि त्यावर तिथे वाद घालायचा नाही. हा माणूस तुमच्यातला सर्वांत तापट किंवा सर्वांत धाडसी नको, थंड डोक्याचा हवा. एखादा निवृत्त फौजी गावात असेल तर त्याला गळ घाला.

कुठल्या आगीला हात लावायचा नाही, तेही आधीच ठरवून टाका. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की ती फांदीने विझणारी आग राहिली नाही. घळीत, नाळेत, ओढ्याच्या अरुंद कपारीत आग असेल तर तिथे शिरायचं नाही. ती जागा धुराड्यासारखी आग वर ओढते. समोरून उलटी आग लावून वणवा थांबवायची पद्धत आहे, पण शिकलेल्या माणसांनी, वन खात्याच्या देखरेखीखाली करायचं ते काम आहे. व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वन कर्मचारी जागीच गेले. त्यांच्या कामाचाच तो भाग होता, तरी असं झालं. गवत पावसाळ्यात पुन्हा येईल.

फोन आधी आपल्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागाचं जंगल ज्याच्याकडे आहे त्या वनरक्षकाला करायचा, तो लागला नाही तर वन खात्याच्या १९२६ या नंबरवर. जागा सांगताना ‘डोंगरावर’ असं सांगू नका. कुठल्या धारेच्या कुठल्या अंगाला, खाली कुठली वाडी, गाडी कुठपर्यंत येते, एवढं सांगा. आणि विझवून झाल्यावर घरी पळू नका. वाळलेली खुंटं आणि शेण आतल्या आत रात्रभर धुमसतात. दुसऱ्या दिवशी दोघांनी कडेकडेने फिरून हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेत जावं. ऊब लागली की तिथे उकरावं. दुपारच्या वाऱ्याने पुन्हा भडकलेले वणवे मी इतके पाहिले आहेत की ही फेरी मला विझवण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आमची गुरं डोंगरावर चरतात. सासरे म्हणतात, जुनं गवत जाळल्याशिवाय नवं फुटत नाही, त्यांच्या वडिलांपासून असंच चालत आलंय. मुलगा म्हणतो जाळणं वाईट. खरं काय मानायचं? (ता. जावळी)

वहिनी, सासऱ्यांनी जे डोळ्यांनी पाहिलंय ते खोटं नाही. जाळलेल्या जागी आठ-पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसतात, वाळकं गवत मधून निघून गेल्याने गुरांना ते सहज चरता येतात आणि गोचिडंही कमी होतात. ही पद्धत काही अडाणीपणातून आलेली नाही.

पण ते कोंब येतात कुठून, ते बघा. बुडख्यात साठवलेल्या शिदोरीवर ते फुटतात. पाऊस चार महिने लांब असतो, जमिनीत ओल नसते, आणि गाय तो कोंब लगेच खुडते. म्हणजे ठोंबाने पदरचं घालून जे उगवलं ते गेलं आणि परत साठवायला काही मिळालं नाही. दरवर्षी असं झालं की चांगली गवतं विरळ होत जातात. पवन्या, मारवेल ही गुरांना आवडणारी गवतं मागे हटतात आणि त्यांच्या जागी कुसळी पसरते.

कुसळीचं बी एकदा हातात घेऊन बघा, मुलालाही दाखवा. बियाला खाली टोकदार, केसाळ अणकुची असते आणि वर काळपट लांब शेपूट. त्या शेपटाला पीळ असतो. तळहातावर बी ठेवून वर पाण्याचा एक थेंब टाकला की पीळ उलगडायला लागतो आणि बी गोल फिरतं. रानात दव पडलं, ऊन पडलं, असं आळीपाळीने होत गेलं की ते फिरत फिरत स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. वणवा येतो तेव्हा ते मातीच्या आड सुरक्षित असतं, बाकीच्या गवतांचं वर पडलेलं बी मात्र जळतं. म्हणून जितकं जाळाल तितकी कुसळी वाढते, आणि पिकलेली कुसळी तोंडाला टोचते म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. सासऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी या डोंगरावर कुसळी एवढीच होती का? पन्नास वर्षं तोच डोंगर पाहिलेल्या माणसाचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पटेल.

जाळायचं नाही तर करायचं काय? अडचण वाळक्या गवताची आहे, तर ते डोंगरावर उभंच ठेवायचं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास, दाणा भरायच्या आत कापलं तर त्यात कस असतो. त्या गवताच्या गंज्या मे महिन्यात चाऱ्याला कामी येतात. सगळा डोंगर कापणं एका घराला जमत नाही, हे मला कळतं. पण वाडीतली घरं एकत्र आली आणि डोंगराचा एक तुकडा पाळीपाळीने चराईला बंद ठेवला, तर त्याच तुकड्यात दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसतो. गंज्या मात्र घराला आणि गोठ्याला लागून रचू नका, दोन गंज्यांमध्येही मोकळी जागा ठेवा.

आणखी एक. वणव्याच्या दिवसांत टिटवी, रातवा, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. रातव्याची मादी आग अगदी जवळ येईपर्यंत अंड्यांवरून उठत नाही. हे मी पाहिलंय, आणि ते लिहिल्याशिवाय मला हे उत्तर संपवता येत नाही.

राजापूर तालुक्यात माझी काजू-आंब्याची बाग आहे. शेजारच्या वरकस जमिनीतून आलेल्या वणव्यात अर्धी कलमं होरपळली. काढून टाकू का? भरपाई मिळेल का? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

दादा, बागेतलं काहीही हलवायच्या आधी पंचनामा करून घ्या. तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा. झाडागणिक फोटो काढा आणि एखाद्या फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, दगडी गडगा किंवा विहीर. सातबाऱ्यावर झाडांची नोंद असेल तर पुढचं बोलणं सोपं जातं. नसेल तर यंदाच्या पीक पाहणीत ती करून घ्याच. भरपाई किती आणि कधी, यावर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण कागद नसेल तर काहीच मिळत नाही, हे पक्कं.

झाडं लगेच तोडू नका. पानं करपली म्हणजे झाड मेलं असं नाही. खोडाची साल नखाने किंवा सुरीच्या टोकाने थोडी खरवडा. खाली हिरवट, ओलसर लागलं तर झाडात जीव आहे. अशा झाडांच्या खोडांना चुना लावा, कारण सावली गेलेली साल उन्हाने पुन्हा भाजते. छाटणी पावसाळा सुरू होऊन फूट दिसल्यावर करा. फूट येईल तेव्हा ती कुठून येते हे वाकून बघा. कलमाच्या जोडाच्या वरून आली तर ती तुमची जात. जोडाच्या खालून आली तर ती रायवळ खुंटाची फूट आहे. ती कितीही जोमदार दिसली तरी तुमच्या जातीचं फळ देणार नाही, त्यावर पुन्हा कलम बांधावं लागेल. या एका गोष्टीकडे लक्ष न दिल्याने माणसं चार-पाच वर्षं चुकीच्या झाडाला पाणी घालतात.

पुढच्या वर्षासाठी बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापणं, लवकर करा. गवत पुरतं वाळायच्या आत, नोव्हेंबर-डिसेंबरातच, बागेच्या चारही बाजूंनी निदान दहा-बारा फुटांचा पट्टा जमिनीपर्यंत साफ हवा. कापलेलं गवत गडग्याच्या कडेला ढीग करून ठेवू नका. तो ढीगच आग आत घेतो. शेजाऱ्याच्या भाजावळीतून, म्हणजे शेतात पसरलेला पालापाचोळ्याचा राब जाळताना, आग आली असेल तर भांडणाआधी त्याच्याशी वेळ ठरवून घ्या: भाजावळ पहाटे, वारा पडलेला असताना, दोन माणसं आणि पाणी हाताशी ठेवून करायची. दुपारी राब पेटवून जेवायला घरी जाणं बंद झालं तरी कोकणातले पुष्कळ वणवे थांबतील.

आम्ही पुण्यातले कॉलेजचे विद्यार्थी. मार्च-एप्रिलमध्ये किल्ल्यांवर मुक्कामी जातो. वणवा दिसला तर विझवायला जावं का?

बाळांनो, तुम्ही अनोळखी डोंगरावर असता, तुम्हाला वाट नीट माहीत नसते, पाठीवर ओझं असतं. तुमचं काम फोन करणं आणि स्वतः सुरक्षित जागी जाणं. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात उतरणारे ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जणांचा जीव गेला. वाळक्या गवताचा उतार, वारा आणि घाबरून झालेली पळापळ, सगळं एकत्र आलं.

आग खाली दिसली तर वरच्या गवताळ उतारावर पळू नका. बाजूला सरका, आगीच्या वाटेतून आडवे निघा. कातळ, नांगरलेलं शेत, पाण्याचं टाकं, आधीच जळून गेलेला पट्टा, यांपैकी जे जवळ असेल तिथे जा. आणि त्या महिन्यांत डोंगरावर चूल, शेकोटी, सिगारेट काहीही नको. राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जेवण घरून बांधून न्या.

मी गोंडपिपरी भागात शिक्षक आहे. मोह वेचायच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात जंगलाला आगी लागतात. लोकांचं पोट त्यावर आहे, त्यांना नाही कसं म्हणणार?

सर, नाही म्हणायचंच नाही. मोहफुलं पहाटे गळतात, खाली पालापाचोळा असला की दिसत नाहीत, म्हणून बाई झाडाखालचा पाला पेटवते. तिला आग नको असते, मोकळी जमीन हवी असते. मग जमीन मोकळी करायची दुसरी तऱ्हा द्यायची. फुलं गळायला लागायच्या आधी खराट्याने पाला गोळा करून खतासाठी नेता येतो. काही ठिकाणी झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी बांधतात. फुलं मातीला लागत नाहीत, स्वच्छ राहतात आणि वेचायचा वेळही वाचतो. जाळणाऱ्या हाताला हा फायदा दाखवा, मोहाची रोपंही त्याच आगीत जळतात हे दाखवा. म्हाताऱ्या मोहाखाली तरणा मोह दिसतो का, हा प्रश्न शाळेतल्या मुलांना गृहपाठ म्हणून दिलात तर उत्तर घरी पोचेल.

तेंदूचा प्रश्न अवघड आहे, कारण कोवळ्या पानांची फूट यावी म्हणून जाळणारे बाहेरचेही असतात आणि त्यात पैसा मोठा असतो. पण याचं उत्तर तुमच्या तालुक्यातच आहे. पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं, कारण त्यापायी झाडांची छाटणी होते आणि आगी लागतात. त्यांनी बांबूवर आपलं पोट उभं केलं. प्रत्येक गावाला ते जमेल असं मी म्हणणार नाही. तिथे जाऊन माणसांशी बोला, शक्य तर आपल्या गावातल्या बायकांना सोबत न्या. गावकऱ्यांनी गावकऱ्यांना सांगितलेलं पटतं.

मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅटजवळ राहते आणि इथल्या गावच्या अग्निशमन ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक आहे. माहेर संगमेश्वर तालुक्यात. इथलं काय तिकडे नेता येईल?

ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. परक्या देशात जाऊन तिथल्या गावासाठी पिवळे कपडे चढवून उभं राहायचं, हे कौतुकाचं आहे.

तुमच्याकडचा पाण्याचा टँकर आमच्या पायवाटांवर चढणार नाही. न्यायची गोष्ट दुसरी आहे आणि ती तुमच्या शेजारच्याच लिंटन गावाने शिकवलेली आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी तिथल्या आगीत जिलाँग वेस्ट ब्रिगेडचे पाच स्वयंसेवक टँकरसकट सापडले आणि गेले. ते आगीच्या कुशीला होते. वारा फिरला आणि कूस होती तिथे तोंड झालं. त्यानंतर तिथे प्रत्येक स्वयंसेवकाला किमान प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि टँकरमध्ये स्वतःच्या बचावापुरतं पाणी राखून ठेवायचा नियम काटेकोर झाला. आमच्याकडे घाटमाथ्यावर तोच धोका रोज दुपारी असतो: सकाळचा वारा एका अंगाचा, आणि दुपारी दोन-अडीचच्या पुढे पश्चिमेचा वारा घाट चढून वर येतो. तो येण्याआधी कुठल्या अंगाला काम करायचं आणि कधी मागे यायचं, हे ठरवणारं पथक मी फार कमी पाहिलं.

पुढच्या वेळी माहेरी याल तेव्हा दोन दिवस पोरांसाठी काढा. टोळी आत गेली की नावं लिहायची, बाहेर आली की मोजायची. एकट्याने कुठे जायचं नाही. वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय उतरायचं नाही. हंगामाच्या आधी सराव करायचा. याला एक पैसा लागत नाही. सुती गणवेश, बूट, हेल्मेट आणि विमा यांना पैसा लागतो. तो डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकासाठी शासनाने द्यावा, असं मला मनापासून वाटतं आणि जिथे बोलायची संधी मिळते तिथे मी ते बोलतो. तुमच्यासारख्या लोकांनीही लिहावं.

मी भोर तालुक्यातल्या गावाची सरपंच आहे. उपग्रहावरून आगीचे संदेश मोबाईलवर येतात म्हणे, ते कसे मिळवायचे? दुसरं, गावात वणवा कोण लावतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नाव कोणी घेत नाही. मी घ्यावं का?

सरपंच ताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर आपला मोबाईल नंबर नोंदवता येतो. नोंदवून टाका, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांचाही नोंदवा. पण त्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहाची माहिती यात मुख्यतः वापरली जाते तो आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या सुमारास जातो, आणि त्याच्या नकाशावरचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर लांब-रुंद तुकडा. दुपारी चारला लागलेली आग तो रात्री पाहणार. धारेवर गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याने मारलेली हाक त्याच्या कितीतरी आधी येते. त्या म्हाताऱ्याकडे फोन आणि वनरक्षकाचा नंबर आहे ना, ते बघा.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि तुम्ही तो विचारलात याचं मला कौतुक वाटतं. बांबूवर बांबू घासून आग लागते असं लोक सांगतात. नोकरीच्या साऱ्या काळात मी तशी आग एकही पाहिली नाही. आपल्या डोंगरात वणवा माणूस लावतो, जाणून किंवा हलगर्जीपणाने. कारणं मी पाहिली ती ही: चराई, बांध जाळताना सुटलेली आग, मधाचं पोळं, सशा-डुकराची शिकार, विडी-सिगारेट, आणि जमिनीच्या वादातून शेजाऱ्याची बाग पेटावी म्हणून लावलेली आग. प्रत्येकाचा इलाज वेगळा. चराईसाठी लावणाऱ्याला चारा हवा असतो, त्याच्याशी बोलणं होऊ शकतं. बांध जाळणाऱ्याला पहाटेची वेळ आणि सोबतीला दोन माणसं देता येतात. शिकारीसाठी किंवा सूडाने लावणारा मात्र बोलण्याने थांबत नाही. त्याची तक्रार झाली पाहिजे.

तक्रार एकट्या तुमच्या नावाने करू नका. तुम्ही बाई आहात म्हणून हे सांगत नाही. वणवा हे साऱ्या गावाचं नुकसान आहे, म्हणून तक्रारही ग्रामसभेची असावी. पाहिलेल्या माणसाला घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं, तेवढंच लिहा. ऐकीव गोष्ट घालू नका, एक चुकीचं नाव गेलं की पुढे दहा वर्षं कोणी तोंड उघडत नाही.

आणखी एक अडचण तुमच्या भागात नक्की असणार. डोंगराचा मोठा भाग खासगी मालकीचा असतो. हद्दीच्या दगडी बुरजापर्यंत जंगल खात्याचं, पलीकडे मालकी, आणि आग बुरूज ओळखत नाही. खातं आपल्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा, काढतं, मालकीच्या डोंगरावर कोणीच काढत नाही, कारण मालक मुंबईला असतो. वणवा बहुतेक वेळा तिथूनच चढतो. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्या. कुठल्या धारेवर, किती रुंद, कोणत्या वाडीने पट्टा काढायचा, गैरहजर मालकांना पत्र कोणी लिहायचं, पथकात कोण आणि शिट्टी कोणाकडे, हे नावानिशी ठरावात येऊ द्या. वनरक्षकाला त्या सभेला बोलवा. वनक्षेत्रात हक्क उपभोगणाऱ्या गावकऱ्यांनी आग विझवायला मदत करणं कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे बंधनकारक आहे, हे तो सांगेल. तेव्हा तुम्हीही त्याला विचारा, की मदतीला येणाऱ्या पोरांना खातं काय देणार? ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाचोळा बाजूला उडवणारं यंत्र, असेल तर तो कोणाच्या ताब्यात आहे, चालवायला कोणाला येतो, पेट्रोल कोण भरतं? ब्लोअर पाचोळ्यात उत्तम चालतो, उंच गवतात मात्र तोच ठिणग्या उडवतो, हेही पोरांना त्याच्याकडूनच कळू द्या.

आगीचा हंगाम खात्याच्या हिशोबाने १५ फेब्रुवारीला सुरू होतो. ग्रामसभेनंतर तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरतात. पट्ट्यातलं गवत आधी कापून बाजूला काढा, तिथेच पेटवायचं असेल तर वनरक्षक हजर असल्याशिवाय काडी ओढू नका. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या, आणि काम झालं की मला पट्ट्याचे फोटो पाठवा. पुढच्या अंकात ते छापू, म्हणजे शेजारच्या गावांनाही विचारता येईल.